भुऱ्याचा पाय आणि धुराचा डबा

रामाकोन्याच्या बाजारात त्या दिवशी वांगी-टमाटे उन्हात सुकत पडले आणि झाडून सगळं गिऱ्हाईक एका जीपभोवती गोळा झालं. जीपवर पशुप्राण महाराज उभे. अंगात भगवी कफनी, वर डॉक्टरी पांढरा कोट. देव आणि दवाखाना एकाच अंगावर! समोर एक पिवळी कुत्री मागचा पाय फरफटत विव्हळत होती.

महाराजांनी डब्याचं झाकण काढलं. भसाभस पांढरा धूर निघाला. गाय भरवायला येणाऱ्या माणसाकडे असतो, तसाच तो नायट्रोजनचा डबा. लोक फसले ते तिथंच. त्या डब्यातल्या गोठवलेल्या वीर्याच्या कांडीने घरोघरी कालवडी झालेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. धूर आहे म्हणजे माल खरा!

"स्टेम सेल! जिवंत पेशी!" महाराज गरजले. "एक सुई, और पेशी खुद तुटका पाय हुडकते. हुडकू द्या तिला, तोवर भजन म्हणा!"

सुई टोचली. अर्धा तास टाळ कुटले गेले. मग कुत्री उठली आणि चक्क धावली. बायांनी तिच्याच पाया पडायला सुरुवात केली.

गर्दीत गुणवंता होता, खांद्यावर त्याचा कुत्रा भुऱ्या. संत्र्याच्या बागेत रानडुकराने गुणवंताला लोळवलं, तेव्हा भुऱ्याने डुकराचं नरडं धरलं होतं. डुकराने त्याला आपटलं, मांडीचं हाड तडकलं, पण मालक वाचला. सौसरच्या जनावरांच्या डॉक्टर अमिताबाईंनी बजावलं होतं, "दोन महिने बांधून ठेवा. पळाला नाही तर हाड जुळेल."

"बाईचं आयका," बायको शकुबाई म्हणाली.

"दोन महिने डुकरं थांबतीन काय?" असं म्हणून गुणवंताने भुऱ्याला महाराजांपुढे ठेवलं.

सुई टोचून घेऊन भुऱ्या धावतच घरी आला. दिवे लागायच्या वेळी डुकरं आली आणि गुणवंताने साखळी सोडली. पाय दुखत नव्हता, म्हणून भुऱ्याने तो जपला नाही. झेप घेताच काडकन आवाज झाला आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. डुकराने सुळ्याने त्याचं पोट उभं चिरलं. गुणवंता कुऱ्हाड घेऊन पोचेस्तोवर डुक्कर पळालं होतं. भुऱ्या रक्ताच्या चिखलात त्याच तुटक्या पायावर उभं राहायला बघत होता आणि शेपूट हलवत होता. मालकाच्या मांडीवर त्याने जीव सोडला. गुणवंता लेकरासारखा ओरडून रडला.

दुसऱ्या दिवशी महाराज पांढुर्ण्यात होते. गुणवंता अमिताबाईंना घेऊनच तिथं पोचला, तेव्हा जीपपुढे तीच पिवळी कुत्री पुन्हा पाय फरफटत होती आणि महाराज डब्यातून बाटली काढत होते. बाई सरळ जीपवर चढल्या.

"महाराज, नायट्रोजनात बोट घातलं तर थंडीने मांस जळतं. तुम्ही उघड्या हाताने बाटली काढली. आतलं औषध दगडासारखं गोठायला पाहिजे, हे तर डुचमळतंय!"

"ए बाई, खाली उतर!" महाराजांच्या एका चेल्याने काठी हाणली. बाईंच्या कपाळातून रक्ताची धार लागली. गुणवंताने चेल्याला धरून आपटलं. बाईंनी तशातच डबा उपडा केला. आइस्क्रीमवाले ठेवतात तो कोरडा बर्फ आणि कोमट पाणी, बस. बाटल्या निघाल्या महाराजांच्या बाहीतून.

"हे दुखणं मारायचं औषध," बाई ओरडल्या. "ते चढायला वेळ लागतो, म्हणून भजन! हाड तुटकंच राहतं, फक्त कळत नाही. स्टेम सेल खोटं नाही. कुत्र्यांच्या सांध्यांवर त्याचे प्रयोग चालू आहेत. पण त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, गुण दिसायला आठवडे जातात, आणि शहाणा डॉक्टर हमी देत नाही." मग त्यांनी खाली उतरून पिवळीची मांडी चाचपली. "हिचं हाड मुद्दाम मोडलंय. जुळत आलं की पुन्हा मोडलंय."

पांढुर्ण्याची माणसं. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारायच्या गोटमारीत तयार झालेले हात! पहिल्याच गोट्यात महाराजांचं डोकं फुटलं. एक गोटा पिवळीच्या बरगडीत बसला. गुणवंताच्याही मुठीत गोटा होता. पिवळी किंचाळली आणि त्याची मूठ सैल पडली. तो तिच्यावर आडवा झाला.

"थांबा बे! गोटे माराचे तं मले बी मारा! बाईनं बांधून ठेव म्हटलं होतं, म्याच सोडला भुऱ्याले. याले मारसान तं उद्या दुसरा येईन, दुसरा डबा घेऊन. गोट्यापरीस तोंड चालवत जा! सुई टोचाच्या आंधी इचारा, बाटलीत काय हाय, कोनी तपासलं? धूर पाहून हात जोडाले आपन का लहान लेकरं हाव?"

हातांतले गोटे एकेक करून खाली पडले. तेवढ्यात आलेल्या पोलिसांनी रक्तबंबाळ महाराजांना गाडीत घातलं.

गुणवंताने पिवळीला उचलून छातीशी धरलं. कपाळाला पदर दाबून बसलेल्या बाईंना त्याने विचारलं, "बाई, हिले किती दिवस बांधून ठेवाचं?"

बाई सांगत होत्या आणि तो या खेपेला मान खाली घालून सगळं ऐकत होता.