तेरावा फटका

“आठ, नऊ, दहा.” मनगटातले दहा फटके झाले. आता कोपरातले. बर्फात खड्डा खणून, कडेने कापून मोकळा केलेला खांब; त्याच्या डोक्यावर फावड्याचं पातं ठेवून भावना वरून थोपटत होती. अनुप दीड मीटर लांब उभा होता. कोविडच्या त्या वर्षी डोंगरावरसुद्धा अंतर पाळायचं असे.

“डॉक्टरीणबाई, पेशंट मारणार तुम्ही आज.”

“गप रे. अकरा. बारा.”

तेराव्या फटक्याला खांबाचा वरचा भाग, कपाटाचा ड्रॉवर सरकावा तसा, अलगद पुढे आला. वर वाऱ्याने आणून थापलेला टणक थर, खाली भुसभुशीत. समोरचा अख्खा उतार तसाच असणार, एका माणसाच्या वजनाने सुटून कोसळणारा.

भावना नागपूरची. सिडनीत शिकायला आली तोवर बर्फ तिने फ्रिजच्या वरच्या कप्प्यातच पाहिलेला. तिथल्या गिरावीन उपनगरातल्या घरात सहाजण राहायचे, त्यातला अनुप एक. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या हिवाळ्यात दोघं भाड्याच्या स्की आणि उसने रेनकोट घेऊन इथे आले, दिवसभर आपटले, आणि हा उतार खालून पाहून अनुप म्हणाला, “एक दिवस.” अकरा वर्षं तो दिवस पुढे जात राहिला; कधी त्याची शिफ्ट, कधी तिचं बाळंतपण. भावना मग इथेच, डोंगराखालच्या जिंदाबाइन गावात, केमिस्टच्या दुकानात लागली. पुस्तकं वाचून, पडून-धडपडून बर्फ शिकली. सुट्टीच्या दिवशी खड्डा खणायचा, थर बघायचे, हिमस्खलनाच्या वेबसाइटवर रिपोर्ट टाकायचा. नवरा त्याला ‘तुझी दुसरी नोकरी’ म्हणे.

उद्या अनुप डार्विनला चालला होता, तिथल्या हॉस्पिटलात. आधी चौदा दिवस क्वारंटाइन. मग राज्यांच्या बॉर्डरचं काय, कुणालाच ठाऊक नाही. डार्विनमध्ये स्कीचं काय करणार? त्याही विकायला काढलेल्या.

“भावना, एकदाच यार. हळू जातो. एकटा जातो.”

“नाही.”

त्यांचा पहिल्यापासूनचा नियम होता. एकाने नाही म्हटलं की दोघांनी फिरायचं. वाद नाही, रुसणं नाही. आजवर तो अनुपनेच वापरला होता: ढग आलेत, गुडघा दुखतोय, भूक लागलीय. भावनाची ही पहिलीच वेळ.

अनुपने एकदा उताराकडे बघितलं. मग स्की खांद्यावर घेत म्हणाला, “नो वरीज.” गाडीपाशी त्याने हात पुढे केला, आणि आठवण होऊन कोपर.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी भावना खालच्या वाटेवरून बघून आली. उतार जागेवर होता. मधोमध कुणा दोघांच्या स्कीच्या रेघा, एकमेकींत गुंफत, पायथ्यापर्यंत सुखरूप आलेल्या. तिने रिपोर्ट लिहिला: हिमस्खलन नाही. दोन जण उतरलेले. धोका कायम.

फोन वाजला. एअरपोर्टवरून अनुपचा मेसेज. “उतार पडला का गं?”

खोटं बोलणं सोपं होतं. तिने उताराचा सकाळी काढलेला फोटो रेघांसकट पाठवला.

त्याचं उत्तर आलं.

“डावीकडची रेघ माझी, असं समज.”