मागच्या भिंतीवरचा गुलाब

एक्केचाळीस वर्षांत क्लिफर्डने बायकोला गुलाबाच्या कात्रीला हात म्हणून लावू दिला नव्हता. "तू आपली शिडी धर," एवढंच. दर फेब्रुवारीला तो पुढच्या दारावरच्या वेलगुलाबाची छाटणी करायचा आणि बेरिल खाली शिडी धरून उभी. पण बघून बघून माणूस शिकतंच की. कुठली काडी कोंबाचे दोन डोळे ठेवून कापायची, कुठली आडवी वाकवून तारेला बांधायची, सगळं तिला पाठ होतं.

यंदा क्लिफर्ड माडीवर अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. जून निघाला तर नशीब, म्हणाल्या. "जून पुरे," क्लिफर्ड म्हणाला. "मागचा गुलाब तेवढा बघून जाईन." त्याच्या खिडकीतून मागची भिंतच दिसायची. जूनमध्ये तिच्यावर असा पांढरा बहर यायचा की वीट दिसायची नाही.

मग काय, फेब्रुवारीतल्या एका कोरड्या सकाळी तो झोपलेला बघून बेरिलने कात्री घेतली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून तिने मागचा गुलाब पुढच्यासारखाच छाटला. लांबलचक हिरव्या काड्या सगळ्या आखूड केल्या. हात ओरबाडून निघाले, पण तिला त्याचं काही नव्हतं. चहा घेऊन ती वर गेली, तेव्हा तो जागा होता आणि खिडकीबाहेर बघत होता.

"हिरव्या काड्या सगळ्या काढल्यास?"

"सगळ्या. दोन-दोन डोळ्यांवर. आता बोल, येतं की नाही मला?"

त्याने भिंतीवरून एकदा नजर फिरवली. "सफाई आहे गं हाताला," म्हणाला.

एक्केचाळीस वर्षं वाट बघितलेलं वाक्य ते. बेरिल गुणगुणतच खाली आली आणि काड्यांचा ढीग उचलायला लागली. कुंपणापलीकडे शेजारीण मिसेस प्यू कपडे वाळत घालत होती. तिने ढीग बघितला आणि तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"अगं, हे काय केलंस? ही जात वेगळी. मागच्या साली वाढलेल्या काडीवरच फुलते ही. क्लिफर्ड ऑगस्टमध्ये छाटतो हिला, तू बहिणीकडे समुद्रावर जातेस ना, तेव्हा."

"मग यंदा?"

"यंदा पानं. फुलं पुढल्या जूनला."

बेरिल वर गेली ती खाटेच्या कडेवर मटकन बसली. "तुला कळलं होतं."

"हं."

"मग बोलला का नाहीस? शिव्या तरी द्यायच्या होत्यास."

"कापलेली काडी काय शिव्यांनी चिकटते?" तो म्हणाला. "ऐक आता. नवे धुमारे येतील, ते कोवळे आहेत तोवर आडवे बांधायचे. उभे सोडलेस तर फुलं फक्त शेंड्याला. आणि मऊ सुतळी घे, तार काचते. पुढल्या जूनला भिंत भरेल."

"पुढल्या जूनला मला काय करायचीत ती मेली फुलं?"

तिला रडू आवरेना, तेव्हा त्याने तिचे ओरबाडलेले हात आपल्या हातात घेतले.

जून त्याला मिळाला. एकेक करत तीसच्या तीस दिवस मिळाले. भिंत हिरवीगार होती, कळी एक नव्हती. रोज सकाळी तो म्हणायचा, "पडदा बाजूला सार," आणि बेरिल सारायची.