नाव लावा

"किती लिटरचा?" कैलासने पुन्हा विचारलं. आपल्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली असणार, असं त्याला वाटलं.

"आठ. आठच्या वर गेला की कॅन्सल," मनाली म्हणाली.

"अगं, कॉम्प्युटर बसवायचाय ना त्यात? का गोडेतेल भरायचंय?"

मनाली खो खो हसली. "पप्पा, छोट्या केसचं माप लिटरमध्येच असतं. लांबी, रुंदी, उंची गुणायची. जेवढे लिटर कमी, तेवढी करामत जास्त."

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या मुकेशशेठच्या गाळ्यात कैलास शिगवण एकतीस वर्षं पत्र्याचे डबे करत होता. ॲम्प्लिफायरचे, स्टॅबिलायझरचे, इन्व्हर्टरचे. डाव्या अंगठ्याचं टोक एका डब्यालाच वाहून झालं होतं. पण लिटरमध्ये मोजायचा डबा त्याने जन्मात केला नव्हता.

मनाली त्याची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची. हेंद्रेपाड्याच्या दोन खोल्यांत बसून ती लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जुळवून द्यायची. टेबल एकच, आणि त्याच्या अर्ध्यावर तिच्या आईचं, अंजनाचं शिलाई मशीन. उरलेल्या अर्ध्यावर मनालीचा जुना कॉम्प्युटर लग्नात न बोलावलेल्या पाहुण्यासारखा ऐसपैस बसलेला. म्हणून तिला छोटा हवा होता. त्यात अंबरनाथच्या एका मंगल कार्यालयात हाताने केलेल्या छोट्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन भरणार होतं, स्पर्धाही होती. अट एकच, डबा विकतचा नको. सपाट पत्र्यापासून स्वतः केलेला हवा.

"मला कुठे येतंय? तुम्हीच करणार," मनाली म्हणाली. कैलासला बरं वाटलं. मुलीने इतक्या वर्षांत बापाकडे मागितलेली ही पहिली अशी गोष्ट होती जी दुकानात मिळत नव्हती.

पहिला डबा भंगारात गेला. गाळ्याची सवय अशी की माप बाहेरून घ्यायचं, कारण गिऱ्हाईक बघतं ते बाहेरून. कैलासने तसंच घेतलं, आणि पत्र्याची जाडी दोन्हीकडून आत आल्यावर मनालीचं ग्राफिक कार्ड बसेना. एक सुताने अडकलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ॲम्प्लिफायरमध्ये त्याला कोण विचारतो! इथे मात्र सगळं मुसळ केरात. एकतीस वर्षांचा कारागीर पोरीसमोर खाली मान घालून उभा राहिला.

"आतून मोजा, पप्पा. आत काय मावतं ते बघायचंय," मनाली एवढंच म्हणाली.

दुसऱ्या डब्याला त्याने तीन रविवार दिले. शेठने गाळ्याची किल्ली दिली आणि वाकवायचं मशीन मोकळं ठेवलं. दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा कैलासने आतून मोजून कापला. हवेसाठी सातशे भोकं पाडली, तीही पट्टी लावून बघावं इतक्या सरळ रांगेत. मग अंजनाची जुनी नायलॉनची ओढणी घेऊन तो प्रत्येक कडेवरून फिरवू लागला. जिथे धागा अडकेल तिथे कानस मारायची आणि पुन्हा ओढणी फिरवायची.

"एवढं लाडाने मला कधी विचारलं नाही," अंजना म्हणाली.

"तुला कडा कुठेयत?"

"जिभेला आहेत, असं तुम्हीच म्हणता ना?"

डबा सात लिटर आणि वर थोडा भरला. मनालीने तीनदा गुणाकार केला आणि बापाच्या गळ्यात पडली.

प्रदर्शनाच्या दिवशी ती सकाळीच टेबल मांडायला पुढे गेली. कैलासने अंबरनाथच्या एमआयडीसीतून रंग दिलेला डबा आणायचा आणि थेट हॉलवर यायचं, असं ठरलं होतं. पावडर कोटिंगचा तो काळा रंग इतका झकास बसला होता की कैलास स्कूटरजवळ उभा राहून नुसता बघत राहिला. तेवढ्यात मनालीचा फोन आला.

"मिळाला ना? आणि पप्पा, नाव लावायला विसरू नका हां. नाव मस्ट आहे."

"असं कसं विसरेन? नाव लावल्याशिवाय डबा कधी बाहेर गेलाय का माझा?"

ती खूश होऊन हसली आणि फोन ठेवला.

आता इथे कैलासच्या गाळ्याची रीत सांगायला हवी. तिथे डबा पुरा झाला की शेवटचं काम उरायचं ते नाव लावण्याचं. शेठ आतून ओरडायचे, "कैलास, नाम लगा दे!" मग कपाटातून चकचकीत पाट्या निघायच्या. कुणी जपानी, कुणी जर्मन. ज्यांनी तो डबा स्वप्नातही पाहिला नव्हता अशा कंपन्यांची नावं. कैलास ती समोरच्या पट्टीवर रिव्हेट ठोकून बसवायचा. यात काही वावगं आहे असं त्याच्या मनात सुरुवातीची काही वर्षं आलं होतं, मग येईनासं झालं. नाव म्हणजे पाटी, आणि पाटी म्हणजे दुसऱ्याची, हे त्याच्या हातात मुरलं होतं.

तो अंबरनाथहून उलटा कॅम्प पाचला गेला.

"शेठ, पोरीचा डबा आहे. एक चांगलं नाव द्या."

"बिटिया का है?" मुकेशशेठ स्वतः उठले. "फिर ये ऐरागैरा मत लगा. ले, जर्मनवाला ले जा." कागदात गुंडाळलेली पाटी त्यांनी मोठ्या मायेने त्याच्या हातावर ठेवली. उठावाची चांदीची अक्षरं होती. कैलासने मोजून दोन भोकं पाडली, दोन रिव्हेट मारले आणि डबा चादरीत गुंडाळला.

हॉलच्या दारात मनाली वाट बघत होती. आत लग्नाच्या स्टेजवर अजून झेंडूच्या सुकलेल्या माळा होत्या आणि खाली टेबलांची रांग. कुठे काचेचे डबे, कुठे लाकडाचे, कुठे आतून निळे दिवे.

"किती उशीर! आधी रिकामा डबा तपासतात, मग सामान बसवायचं. सात नंबरचं टेबल आपलं. तुम्ही ठेवा, मी चहा आणते. तोंड बघा कसं सुकलंय."

कैलासने चादर सोडली. दिव्यांच्या त्या गर्दीत आपला डबा काळासावळा दिसतोय असं त्याला वाटलं. पाटी आहे म्हणून निदान थोडी शोभा, असंही वाटलं. एवढ्यात गळ्यात ओळखपत्र आणि हातात फाईल घेतलेल्या एक बाई टेबलाशी आल्या. त्या परीक्षक होत्या. त्यांनी डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं, भोकांच्या रांगेला डोळा लावला.

"काय सुरेख काम आहे हो!"

कैलासच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाईंचं बोट फिरत फिरत पाटीवर आलं आणि थांबलं.

"पण हा तर कंपनीचा आहे." त्यांनी फाईलमधला कागद वर काढला. "कैलास बाळा शिगवण. आपणच का?"

फॉर्म मनालीने स्वतःच्या नावाने भरला असणार, असं कैलास धरून चालला होता. बापाच्या नावासकट आपलं नाव कागदावर वाचलं गेलं आणि त्याची पाचावर धारण बसली. गाळ्यावर दोनदा धाड पडली होती. तेव्हाही अशीच गळ्यात कार्डं होती, हातात कागद, पाटीवर बोट, आणि पुरं नाव विचारणारा आवाज. अशा वेळी काय बोलायचं ते शेठने सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं.

"नाही मॅडम," कैलास म्हणाला. "मी तर फक्त माल पोचवायला आलोय."

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि कागदावर पेनाने एक आडवी रेघ मारली.

"पप्पा, चहा घ्या," मागून मनाली म्हणाली.

दोन कप हातात घेऊन ती उभी होती. कधीपासून, ते विचारायची त्याला हिंमत झाली नाही. बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या. मनालीची नजर पाटीवर पडली.

"हे काय लावलंत?"

"तूच म्हणालीस ना, नाव लावा."

"तुमचं म्हटलं होतं मी." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तुमचं नाव, पप्पा. मी माझ्या नावापुढे लावते तसं. फॉर्ममध्ये कारागीर म्हणून तुम्हीच आहात, मी नाही."

कैलासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटीची चूक एकवेळ समजण्यासारखी होती. पण आपण स्वतःलाच ओळख दाखवली नाही, आणि ते मुलीने पाठीमागून ऐकलं. धरणी दुभंगावी म्हणतात ते त्याला आज कळलं. ती रागावली असती, चारचौघांत बोलली असती, तरी त्याने आनंदाने ऐकून घेतलं असतं. तिने नुसता चहा पुढे केला.

कप टेबलावर ठेवून तो बाईंच्या मागे गेला.

"मॅडम, मघाशी मी खोटं बोललो. डबा माझाच आहे. नाव माझं नाही."

"तिने पप्पा म्हटलं तेव्हाच कळलं मला," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर कडक नव्हता. "पण पाटी कंपनीची, आणि तुम्ही स्वतः नाही म्हणालात. बाकीच्यांना मी काय सांगू? स्पर्धेत नाही धरता येणार. टेबल राहू द्या, लोकांना बघू द्या."

तो परत आला. मंगल कार्यालयाच्या इलेक्ट्रिशियनकडून त्याने ड्रिल मागून घेतलं आणि दोन्ही रिव्हेटची डोकी उडवली. पाटी निघाली. मागे काळ्या रंगात दोन उघडी भोकं राहिली. दडवायला काही नव्हतं, आणि मनालीने ती दडवायला सांगितलीही नाहीत. ती सामान बसवू लागली. "स्क्रू ड्रायव्हर," असं एकदा म्हणाली, तेवढंच. ग्राफिक कार्ड सुतासारखं सरळ आत गेलं.

दुपारी लोक यायला लागले. पन्नाशीचे एक गृहस्थ सात नंबरच्या टेबलाशी बराच वेळ वाकून उभे राहिले. चष्मा वर करून त्यांनी भोकांच्या रांगा पाहिल्या, हलकेच कडेला हात लावला.

"कोणी केलंय हे?"

मनाली सांगेल म्हणून कैलासने तिच्याकडे पाहिलं. तिला ऐकू गेलं होतं. पण ती मान खाली घालून एकच स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत राहिली.

"मी केलंय," कैलास म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की त्या गृहस्थांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणालात?"

कैलासने घसा खाकरला आणि दुसऱ्यांदा सांगितलं.