उष्टा हात

मंजुळाबाई तापट आहे हे शिरड शहापुरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ती रागात असली की तिचं भाकरी थापणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं. उकंडरावाने बायको केली की फौजदार, असं लोक पारावर बसून विचारायचे. लोकांचं काय जातं विचारायला! तिला राग येतो कशाचा, हे मात्र त्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही.

पण पौषातल्या त्या सकाळी मंजुळाबाई चक्क हसत होती, आणि त्यामुळे घरातली माणसं जरा बिचकूनच होती. सासू पार्वतीबाई ओसरीवर बसून सुनेकडे चोरून बघत होती. ठिपक्या कुत्र्याला रोज सकाळी उंबऱ्याशी पहिली शिवी मिळायची. आज त्याला शिवीच्या जागी ताज्या भाकरीचा तुकडा मिळाला, तर तो बराच वेळ त्या तुकड्याला तोंडच लावेना.

आज हुरडा होता, आणि पहिल्यांदाच हुरड्याला पाहुणा नव्हता.

उकंडरावाच्या ओढ्याकाठच्या रानातला हुरडा पंचक्रोशीत नावाजलेला. कोवळ्या ज्वारीचा तो हिरवा, गोड दाणा खायला दरसाल माणसं यायची. औंढ्याचे सोयरे यायचे, हिंगोलीचे अडते यायचे, कोण कुठले ओळखीच्यांचे ओळखीचे यायचे. घोंगड्यांवर मांड्या ठोकून बसायचे. आणि मंजुळाबाई आगटीपाशी. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेलं कणीस काढायचं, चटके सोसत तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि मोकळे झालेले दाणे पाहुण्यापुढे ठेवायचे. लगेच दुसरं कणीस. डोळ्यांत धूर, नाकात राख, आणि तोंडात काही नाही. कारण चोळणारीने मधेच एक दाणा जरी तोंडात टाकला तरी हात उष्टा झाला. उष्ट्या हाताचं पाहुण्याला कसं द्यायचं? सगळे ढेकरा देऊन उठले की मग तिने खायचं. तोवर आगटी विझलेली आणि हुरडा गार, चिवट. गरम हुरड्याचं आयुष्य ते केवढं, हातावर पडल्यापासून तोंडात जाईपर्यंत.

मंजुळाबाईला हे सोसवत नव्हतं, कारण तिला गरम हुरडा कसा लागतो ते ठाऊक होतं. तिचं माहेर हिंगोलीपलीकडच्या गोरेगावकडचं. तिथे बाप आगटीपाशी बसायचा, स्वतः चोळायचा आणि परकरातल्या मंजुळेच्या हातावर मूठ रिकामी करायचा. दाणे इतके गरम असायचे की या हातातून त्या हातात नाचवावे लागायचे. बाप हसायचा. लग्न झाल्यापासून ते कधी झालं नव्हतं. एकदा, नवी नवरी असताना, तिने चोळता चोळता चार दाणे तोंडात टाकले होते, तर पार्वतीबाईने सगळ्यांदेखत तिचा हात धरून पाण्याच्या घागरीकडे नेलं होतं. तो हात धरणं मंजुळाबाई विसरली नव्हती.

यंदा दिवाळीत तिने नवऱ्याला तोंडावर सांगितलं की हुरडा एक वेळ माझ्यासाठी कर, नाहीतर मी रानात येतच नाही. उकंडराव त्या वेळी अनारसा खात होता आणि खुशीत होता. यंदा कुणाला बोलावणार नाही, म्हणाला. आपणच जाऊ. मी आगटीपाशी बसतो, तुला मी चोळून देतो. हे वाक्य मंजुळाबाईने दिवाळीपासून मनात जपून ठेवलं होतं.

तर त्या सकाळी गाडी जुंपली. जवसाची चटणी, गुळाचा खडा, ताकाचं गाडगं, गोवऱ्या असं सगळं गाडीत चढलं. पार्वतीबाईला दोघांनी धरून वर बसवलं. धाकटी लेक शकू ठिपक्याला उचलून आत घेत होती आणि ठिपक्या मागच्या मागे उडी मारत होता. शेवटी त्याने शकूच्या मांडीवर डोकं टाकलं आणि एखाद्या व्याह्यासारखा ऐसपैस बसून राहिला. बैलांच्या घुंगरांबरोबर शकू काहीबाही गात होती. ऊन कोवळं होतं, करडईची फुलं पिवळीधमक फुलली होती. नवऱ्याने मागे वळून विचारलं की बसायला नीट आहे ना, आणि मंजुळाबाईला वाटलं, एवढंच तर पाहिजे माणसाला. आपली माणसं, आपली गाडी, आपलं कुत्रं. ह्यात काय मोठं मागितलं होतं तिने?

ओढा ओलांडला आणि तिला रानाच्या बांधावर घोडी दिसली.

बाभळीला घोडी बांधलेली, शेजारी एक शिपाई विडी ओढत बसलेला, आणि तिच्याच रानात, घोंगडी अंथरून, गिरदावरसाहेब. जमिनीची पाहणी करत गावोगाव फिरणारा तो सरकारी अंमलदार अंगाने भरलेला होता आणि स्वभावाने बरा होता, पण मंजुळाबाईला त्या क्षणी त्याच्या स्वभावाशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या पायाची आग मस्तकाला गेली.

उकंडराव खाली उतरून बैल सोडायला लागला. बायकोकडे न बघता तो पुटपुटला, "आता साहेब आपल्या पायानं आले. मी काय हाकलून देऊ?"

घोंगडी कुणाची आहे ते तिने ओळखलं होतं. घरचीच होती. काल संध्याकाळी नवरा ती घेऊन रानात गेला होता, राखणीला लागेल म्हणून.

उरलंसुरलं साहेबाने स्वतःच सांगितलं. राम राम झाल्यावर तो मोठ्या प्रेमाने म्हणाला, "दिवाळीपासून बुला रहे थे तुम, उकंडराव. आज देखो, आ गया."

दिवाळीपासून! म्हणजे एका तोंडाने बायकोला शब्द दिला आणि त्याच तोंडाने, अनारशाची खसखस ओठांवर असतानाच बहुधा, साहेबालाही दिला. मंजुळाबाईला वाटलं, ताकाचं गाडगं उचलून ह्या माणसाच्या पागोट्यावर पालथं घालावं. साहेब आला ह्याचा तिला एवढा राग नव्हता. आपल्याला इतकं सोपं समजलं, ह्याचा होता. बायको काय, घरचीच आहे, चार भांडी आपटेल आणि आगटीपाशी बसेल.

आणि ती बसली. दुसरं काय करणार होती? आगटी पेटली, कणसं निखाऱ्यात गेली, आणि ती चोळू लागली. पार्वतीबाई बांधाच्या सावलीला टेकली. साहेब खात होता, शिपाई खात होता, उकंडराव त्यांच्या पंगतीत बसून रानाची बढाई मारत होता. वाहवा सगळी उकंडरावाची. कणसं जणू स्वतःच निखाऱ्यातून उठून, अंग चोळून घोंगडीवर येऊन बसत होती.

मंजुळाबाईने मग ठिपक्याच्या आडून बोलायला सुरुवात केली. तो बिचारा नुसता वास घेत उभा होता. "सरक तिकडं. ना शब्दाचा भरवसा, ना शेपटाचा. जिकडं कोणी छू म्हनलं तिकडं लाळ गाळत पळतं." कुत्र्याने कान पाडले. उकंडरावाने मान खाली घातली आणि गुळाचा खडा उगीचच फोडत बसला. शकू खुदकन हसली आणि आजीने डोळे वटारले तशी गप्प झाली.

साहेबाला मात्र ठिपक्याची दया आली. त्याने आपल्या पुढ्यातली, नुकतीच चोळून ठेवलेली वाफाळती मूठ उचलली आणि कुत्र्यापुढे टाकली. ठिपक्याने दोन उड्या मारल्या, जीभ बाहेर काढली, पुन्हा तोंड घातलं. दाणे त्याला पोळत होते आणि सोडवतही नव्हते. सगळे हसले. उकंडराव सगळ्यांत मोठ्याने.

मंजुळाबाई बघत राहिली. कुत्र्याने गरम खाल्ला. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून जे तिला मिळालं नाही ते कुत्र्याला मिळालं, आणि तेही तिच्याच हाताने चोळलेलं.

हातात कणीस होतं. तिने ते नीट चोळलं, नीट फुंकलं. शिपायाने सवयीने हात पुढे केला. तिने ती अख्खी मूठ स्वतःच्या तोंडात घातली.

तोंड भाजत होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती चावत राहिली. गिळलं. मग दोन्ही तळवे नवऱ्यापुढे पसरून म्हणाली, "माझा हात उष्टा झाला. आता तुमी चोळा."

उकंडराव हसायला गेला, जमलं नाही. त्याचे कान लाल झाले. साहेब शहाणा माणूस होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मिशीवरची राख पुसली आणि पुढच्या गावाला जायचं राहिलंय असं काहीतरी बोलून उठला. जाताना मंजुळाबाईकडे बघून "माफ करना बाई, तकलीफ दी," म्हणाला. उकंडराव घोडीमागे पार ओढ्यापर्यंत त्याला पोचवायला गेला. जाताना त्याने बायकोकडे असं पाहिलं की परत आल्यावर काय होणार ते शकूलाही कळलं.

मंजुळाबाई आगटीपाशी तशीच बसून राहिली. जे पाहिजे होतं ते पोटात गेलं होतं, पण रागाच्या भरात त्याची चवच कळली नव्हती. नुसती जीभ भाजली होती. ह्याचाही तिला संताप आला. आता सासू उठेल, हात धरेल, घागरीकडे नेईल. येऊ दे, म्हणाली ती मनाशी. आज हात धरून बघाच.

पार्वतीबाई उठली. गुडघ्यावर हात देत आगटीपाशी आली, सुनेला ढोपराने जरा बाजूला सारलं आणि खाली बसली. निखाऱ्यातलं कणीस काढलं. म्हातारीचे हात सुरकुतलेले, पण चोळायची सवय गेली नव्हती. कणीस दोनदा फिरलं, फुंकर बसली, आणि तिने सुनेचा हात ओढून त्यावर मूठ रिकामी केली.

"खा. ऊन-ऊन हाय तवर खा."

दाणे पोळत होते. ती ते या हातातून त्या हातात नाचवत होती, आणि एकाएकी तिला बापाचं हसणं आठवलं. तिने खाल्लं. गोड, दुधाळ, किंचित धुराचा वास असलेलं. असंच होतं ते. अगदी असंच.

तोंड रिकामं झाल्यावर तिने विचारलं, "आन् तुमी हो, आत्याबाई?"

"मला कुठं दात हायेत," म्हातारी पुढचं कणीस उलटत म्हणाली. "दात व्हते तवा आगटीपाशी व्हते मी. माझी सासू लई कडक. आता बसून खायला मोकळी झाले, तर चावता येत न्हाई."

माहेरी रान नव्हतं पार्वतीबाईच्या. आठव्या वर्षी ह्या घरात आली ती थेट आगटीपाशीच.

मंजुळाबाईचा गेलेला राग पुन्हा उसळला, आणि आता तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. नवऱ्यावर पुरेना, साहेबावर पुरेना. आजवर ज्या म्हातारीवर तिने दातओठ खाल्ले होते ती म्हातारी जन्मभर तिच्याच जागेवर बसली होती, आणि तिला कुणी साधी एक मूठ दिली नव्हती. तिने घागरीच्या पाण्याने खसाखसा हात धुतले. बांधावरचा सपाट दगड धुऊन आगटीच्या कडेला तापत ठेवला. कणसं काढली, रागारागाने चोळली, दगडावर गुळाच्या खड्यासकट ठेचली, आणि तो वाफाळता लगदा बोटांवर घेऊन म्हातारीच्या तोंडाशी नेला.

उकंडराव तेव्हाच परत आला. शिव्यांचं गाठोडं ओठांवर घेऊन आला होता. समोर आई डोळे मिटून बोळक्या तोंडाने काहीतरी घोळवत बसली होती आणि बायको तिच्यापुढे हात धरून होती. तो उभाच राहिला.

"उकंडा, बस इथं," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "चोळ."

तो बसला. पहिलं कणीस हातातून पडलं, दुसरं पडलं. तळहात लाल झाले. फुंकर मारायला गेला तर कोंडा त्याच्याच डोळ्यांत गेला. शकू हसली आणि तिला कुणी गप्प केलं नाही. कशीबशी एक मूठ निघाली ती त्याने बायकोपुढे धरली. मंजुळाबाईने ती घेतली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि तशीच दगडावर ओतली.

"आधी त्यांचं व्हऊ द्या. माझं मागून बघू," ती म्हणाली. तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं, आणि घरी गेल्यावर ती बोलणारच होती.

पार्वतीबाईने दुसरा घास तोंडात फिरवला. ओठाला लागलेला गूळ जिभेने पुसला आणि कुणालाच न विचारता, स्वतःशीच म्हणाली, "असा लागतो व्हय ऊन हुरडा."

उकंडरावाने खाली बघून पुढचं कणीस उचललं.