समस्येचं मूल

माझं पोट दुसऱ्यांच्या चुकांवर भरतं. छापखान्यात मी प्रुफं तपासते, सतरा वर्षं झाली. ही खोड घरी आणू नकोस, असं नवरा म्हणतो. खोड म्हणजे काय दारात काढून ठेवायची चप्पल आहे?

त्या महिन्यात माझ्या टेबलावर मानसशास्त्राची ओळख करून देणारं एक जाडजूड पाठ्यपुस्तक होतं आणि पिशवीत लेकीच्या शाळेचा अहवाल. लेक आठ वर्षांची. घरी तिला आम्ही भोंगा म्हणतो, यावरून काय ते समजा. शाळेत मात्र तिने चार महिने तोंड उघडलं नव्हतं. अहवालावर मी सही केली की तिला तिच्या वर्गातून उठवून मागच्या इमारतीत ‘विशेष’ वर्गात बसवणार होते. त्यासाठी मला शुक्रवारी बोलावलं होतं.

पुस्तकात मानसशास्त्राचे संप्रदाय एकामागून एक येत होते आणि बुडत्याला काडीचा आधार तशी मी प्रत्येकाला धरून बघत होते. मनोविश्लेषणवाले म्हणत, बालपण खणा. आठ वर्षांच्या पोरीचं बालपण अजून संपलेलं नाही, खणायचं काय? आणि कितीही खणा, खाली आईच सापडते, बापाच्या वाटेला कुणी फारसं जात नाही. त्या पानाच्या समासात मी रागाने एक प्रश्नचिन्ह ओढलं. वर्तनवाद्यांचं म्हणणं, मनाचं राहू द्या, दिसतं ते मोजा आणि हवं तसं वागलं की बक्षीस द्या. हा प्रयोग शाळेने करून झाला होता. एका शब्दाला एक कागदी चांदणी. आगाऊ दिलेली चांदणीसुद्धा भोंग्याने बाईंच्या टेबलावर परत नेऊन ठेवली. समष्टिवादी मला बरे वाटले. सुट्या तुकड्यांची बेरीज म्हणजे माणूस नव्हे, म्हणाले. अहवालात नुसते तुकडेच होते: नजर भिडवत नाही, हात वर करत नाही, असहकार करते. पुढे बोधात्मकवाले होते, डोक्यात काय विचार चाललाय ते बघा म्हणणारे. मानवतावाद्यांपर्यंत पोचले तोवर माझंच डोकं भणभणायला लागलं होतं.

लेखक निवृत्त प्राध्यापक. बुधवारी प्रुफं न्यायला आले.

“हे प्रश्नचिन्ह कुणाचं?”

“माझं. सर, यातला खरा कोण?”

ते हसले. “शंभरावर वर्षं भांडतोय आम्ही. प्रत्येकाला थोडं दिसलं आणि प्रत्येकाला वाटलं, सगळं दिसलं.”

मग मी त्यांना लेकीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तिला विचारलंत, का बोलत नाहीस म्हणून?”

मला संताप आला. चारशे पानं लिहून शेवटी हे! आणि मग लाज वाटली. चार महिने मी तिला “बोल गं, बोल” म्हणत होते. विचारलं एकदाही नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

संध्याकाळी ती माझ्याबरोबर भांडी पुसत होती. मी विचारलं.

“बाईंनी मला पुढे उभं केलं,” ती म्हणाली. “कावला म्हण म्हणाल्या. मी म्हटलं. तर म्हणे चूक. दहादा म्हणायला लावलं. सगले हसले. बाईपण हसल्या.”

“मग?”

“मग मी ठरवलं, यांच्यासाठी बोलायचंच नाही.”

तिची जीभ ‘ळ’ला वळत नाही. आम्हाला घरी त्याची इतकी सवय की ते ऐकूच येत नाही, अगदी माझ्यासारख्या चुका वेचणारीलाही. आणि पोरीने ठरवलं होतं! चार महिने, एकटीने, चांदण्यांना न भुलता. मला तिचा भयंकर अभिमान वाटला.

शुक्रवारी तिला बाहेर बाकावर बसवून मी आत गेले. मुख्याध्यापिका होत्या, शेजारी वर्गाच्या बाई. अहवालाची नवी, पक्की प्रत पुढे आली. पक्की प्रतसुद्धा वाचल्याशिवाय मी सोडत नाही. शेवटच्या पानावर एक वाक्य नवीन घातलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं.

“समस्येचे मूल घरात शोधावे लागेल.”

“मूळ,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “टाइप करताना चुकलंय. एका अक्षराचं काय एवढं?”

“मीही तेच विचारायला आलेय. एका अक्षराचं काय एवढं? हे ज्यांनी टाइप केलं, त्यांना वर्गापुढे उभं करून दहादा म्हणायला लावलंत?”

बाईंचा चेहरा उतरला. मुख्याध्यापिकांना काही कळेना, म्हणून मी सगळं सांगितलं, कावळ्यासकट.

“मी तिच्या भल्यासाठीच केलं हो,” बाई म्हणाल्या.

“हसलात तेही भल्यासाठी?”

मी कागद परत सरकवला. “सही मिळणार नाही. माझी मुलगी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसेल. आणि जिथे हसलात तिथेच, त्या सगळ्या मुलांसमोर, तुम्ही तिला ‘माझं चुकलं’ म्हणाल.”

“पालकांनी शाळेला अटी घालायच्या नसतात,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“मग मी इथेच बसते. मला आज सुट्टी आहे.”

मी पिशवी मांडीवर घेऊन ऐसपैस बसले. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि भोंग्याचं डोकं आत आलं.

“आई, किती वेल?”

दोघी थिजल्या. चार महिन्यांत शाळेने ऐकलेला तिचा हा पहिला आवाज. बाईंचं तोंड सवयीने उघडलं, “वे...” आणि मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. उरलेलं अक्षर त्यांनी गिळलं.

“थोडाच, बाळा,” त्या शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाल्या. “ये ना, आत ये.”

लेक उंबऱ्यावरून हलली नाही.

“तुम्हाला नाही,” ती म्हणाली, “मी आईला विचारलं.”