नळीची दृष्ट

"नळीला आतून हात लावला होतास?" डॉक्टर भाटवडेकरांनी विचारलं.

"न्हाय साहेब. मोजे व्हते हातात," तुळशीराम म्हणाला. तेवढं खरं होतं.

हे डॉक्टर कोणाची नाडी बघत नसत. मुंबईच्या त्या प्रयोगशाळेत ते सूर्य तयार करत होते. तूर्त एका काचेच्या नळीत. नळीत जरासा वायू, नळीभोवती तांब्याची वेटोळी, वेटोळ्यांतून रेडिओच्या लहरी. लहरींनी वायू तापून गुलाबी पेटे. पेटला की नळीच्या भिंतीला जाऊन भिडे, तिच्यावरचा मळ उखडून पोटात घेई आणि विझे. सूर्याचं सगळं भवितव्य असं पुसापुशीवर येऊन ठेपल्यामुळे रेवसच्या मिठागरातला तुळशीराम काठीला फडकं गुंडाळून नळी आतून पुसायला तिथे नोकरीला होता. हंगामी. आजचा प्रयोग साधला की साहेब त्याला कायम करणार होते, आणि कायम झाला की त्याची बायको कमळ मुंबईला राहायला येणार होती. तिने भांडी वेगळी काढून ठेवली होती.

प्रयोग बघायला दिल्लीचे पाहुणे आले होते. नळी गुलाबी पेटली. पाहुण्यांनी चष्मा नीट करेपर्यंत ती पिवळी पडली आणि विझली.

पाहुणे इंग्रजीत बरंच काही बोलले. शेजारी उभा असलेला मेकॅनिक पेडणेकर तुळशीरामच्या कानाशी लागला. "ते म्हनतात, लहरीच काच खातायत. दुकान बंद. तू मिठागरात, मी अलिबागला भावाच्या वाडीत."

भाटवडेकर नळीकडे बघत उभे होते. घरचं माणूस गेल्यावर उभे राहतात तसे.

"साहेब," तुळशीराम म्हणाला, "मीठ असंल."

"कसलं मीठ?"

"सकाली दृष्ट काढली."

"कोणाची?"

"नळीची."

कोणी हसलं नाही. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं.

"दिल्लीची एवढी मानसं बघनार, म्हनून कमळनं मीठ-मोहरी बांधून दिली व्हती. हितं चूल न्हाय. ओवाळून पुडी खिशात ठेवली, आनि त्याच हातानं मोजे चढवले."

भाटवडेकर धावतच पाहुण्यांकडे गेले. लहरींचा दोष नव्हता, काचेचा नव्हता. मोज्यांवर मीठ होतं, आणि मीठ तापलं की पिवळं जळतं. पाहुण्यांनी आणखी एक संधी दिली.

संध्याकाळी साहेबांनी तुळशीरामला खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं. एरवी सांगत नसत, तेव्हाच तो काय ते समजला.

"तू आज मला वाचवलंस, तुळशीराम."

"व्हय साहेब."

"पण अहवालात दृष्ट लिहिता येत नाही. हलगर्जीपणा लिहावा लागेल."

"लिवा की."

"आणि हलगर्जी माणसाला कायम करता येत नाही." हे वाक्य त्यांनी खिडकीला उद्देशून म्हटलं.

तुळशीराम लाँचने रेवसला परतला आणि मिठागरात रुजू झाला. तिथे हाताला मीठ लागलं म्हणून कोणी विचारत नाही. पुढे एका शनिवारी पेडणेकर लाँचमधून उतरताना सांगून गेला, "पेटली रे. गुलाबी ती गुलाबीच राहिली. साहेबांना हार घालून फोटो काढला." हे सांगताना तो घाईत होता, अलिबागची गाडी सुटत होती.

त्या रात्री तुळशीराम नीट जेवला नाही. कमळने भांडी केव्हाच परत फळीवर लावली होती. तिने मूठभर मीठ-मोहरी घेतली, त्याच्यावरून उतरवली आणि चुलीत टाकली. तडतडलं. जाळाची कड पिवळीधमक झाली.

"बघा, कवढी लागली व्हती," ती म्हणाली. "कोनाची असंल?"

जाळाचा पिवळेपणा जाईपर्यंत तुळशीराम थांबला. मग उठला, धुतलेलं फडकं काठीला गुंडाळलं आणि चुलीमागची काळी भिंत पुसू लागला.

"अवो, ती काय निघनार न्हाय आता."

तो पुसत राहिला, हलक्या हाताने, भिंतीला बोट लागू न देता.