शिडाचा दोर आणि सासूबाई

वेल्डरने स्वतः जोडलेली गाडी लांबलचक, तीन चाकांची, वर उंच शीड. इंजिनाचा पत्ता नाही. कोरड्या तळ्याच्या सपाट पात्रात तिनं निव्वळ वाऱ्याच्या जोरावर धावायचं आणि वेगाचा जुना विक्रम मोडायचा, एवढंच त्याचं म्हणणं. गेली काही वर्षं दर मोसमात तो हेच म्हणत होता.

या खेपेला मात्र गळ्याशी आलं होतं. गाडी ठेवायची शेड सासूबाईंच्या मालकीची, आणि सासूबाईंना तिथे पिठाची गिरणी टाकायची होती.

"जावईबापू, हा शेवटचा मोसम," त्या म्हणाल्या होत्या. "तुम्ही विक्रम केलात तर शेड तुमची. नाहीतर गाडी भंगारात."

त्याने आशेने बायकोकडे पाहिलं, तर ती आईच्याच बोलण्यावर मान डोलावत होती.

आता खरं सांगायचं तर गाडीत खोट नव्हतीच. खोट होती ती वेल्डरच्या छातीत. वेग वाढला की शिडाचा दोर आणखी आवळायचा असतो. सैल सोडला की शिडातला वारा निसटतो आणि गाडी मंदावते. जुना विक्रम टप्प्यात आला रे आला की याची पाचावर धारण बसायची आणि हात आपोआप दोर सोडून द्यायचे. मग खाली उतरून हा गडी वाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचा. वारा ऐन वेळी पडला म्हणायचा. बायकोसुद्धा ते खरं मानत आली होती.

त्या दिवशी वारा असा काही सुटला की गाडीचं एक चाक जमिनीवर टेकेना. वजन हवं होतं. विक्रमाची नोंद करायला आलेले पंच म्हणाले, वाळूची पोती चालणार नाहीत, मागच्या सीटवर माणूस बसवा. सगळ्यांच्या नजरा हळूच एकाच दिशेला वळल्या. तिथे सासूबाई घडीच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या.

"बसते की," त्या म्हणाल्या. "हरताना जवळून बघायला मिळेल."

त्यांना आत कोंबता कोंबता चौघांना घाम फुटला. हेल्मेट डोक्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "धरायचं कशाला?"

पुढे बसलेला वेल्डर आधीच टरकलेला. मागे न बघताच म्हणाला, "हाताला लागेल ते घट्ट धरा." त्यांच्या हाताला लागलं शिडाच्या दोराचं मागे पडलेलं टोक. त्यांनी ते मनगटाला वेढा देऊन धरलं.

गाडी सुटली. तळ्याचं पात्र चाकांखालून सुसाट मागे पळू लागलं, शीड कडाडू लागलं, आणि नेहमीच्या जागी नेहमीप्रमाणे वेल्डरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने दोर सोडला. पण शीड सैल पडेना. वेग वाढतच चालला. "सोडा, आई, सोडा," तो बोंबलत राहिला, आणि गाडी खुणेचे झेंडे ओलांडून पार पलीकडे जाऊन थांबली.

विक्रम मोडला होता. बायको धावत आली, मागोमाग पंच आले.

वेल्डर खाली उतरला. "आई, मी सोडा म्हणत होतो."

"ऐकलं की," सासूबाई हळूच म्हणाल्या. "दर वर्षी वारा इथेच पडतो होय?"

तो वाकून चाकावरची धूळ झटकायला लागला.

पंचांनी भोंगा तोंडाशी नेला आणि मग खाली घेतला. "विक्रम शीड सांभाळणाऱ्याच्या नावाने पुकारायचा असतो. दोर कोणाच्या हातात होता?"

 सासूबाई मनगटावरचा लाल वळ चोळत जावयाकडे बघत राहिल्या. एक शब्द खोटं बोललं की शेड त्याची होती. इतकी वर्षं वाऱ्यावर ढकललंच होतं, आता आणखी एकदा. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"यांच्या," तो म्हणाला. "मी सोडला होता. दर वेळी मीच सोडतो."

बायकोने कपाळावर हात मारला. भोंग्यावरून सासूबाईंचं नाव पुकारलं गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे शेड माझीच," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचीच," वेल्डर म्हणाला आणि गाडीचं शीड उतरवायला लागला.

"गिरणी कोपऱ्यात मावेल," सासूबाई हेल्मेट न काढताच म्हणाल्या. "गाडी मधोमध ठेवायची, रोज पुसायची. आणि उद्या पुढे मी बसणार. तुम्ही मागे बसा, जावईबापू, हाताला लागेल ते धरा. फक्त दोर सोडून."